वरातीच्या गाडीचे दाते

मबरूकाने मागच्या चाकाची आस ठोकून बाहेर काढली, तशी अंगणात मेंदीचे हात सुकवत बसलेली तिची धाकटी बहीण रुमैसा किंचाळली, "ताई, दुपारी माझी वरात! आणि आज गाडी खोलतेस?"

"मग कधी खोलू? टेकाडावरच्या वाळूत चाक फिरायचं थांबलं, तर सासरी तुला पाठुंगळी नेऊ?"

वडिलांची ती जुनी मोटारसायकल, शेजारी बसायचा डबा जोडलेली. तिला साखळी नव्हती. इंजिनाचा जोर एका दांड्यातून मागे यायचा, दांड्याच्या टोकाचे दाते चाकातल्या दात्यांत अडकायचे आणि चाक फिरायचं. वडील दर वर्षी हे दाते पुसून ग्रीस लावत. ते गेल्यापासून गाडी भाऊ लमीन चालवत होता आणि त्याने आत डोकावूनही पाहिलं नव्हतं.

"पळतेय की झकास," लमीन म्हणाला.

चाक निघालं. आत ग्रीसचा टिपूस नव्हता, नुसती तांबूस पूड. मबरूकाने रॉकेल आणि ब्रशने घासलं. दांड्याकडचे दाते शाबूत होते, पण चाकातले झिजून करवतीसारखे टोकदार झाले होते.

"हात लाव, बघ. एका चढावर साफ झडतील."

लमीनचं तोंड उतरलं. "मग टॅक्सी सांगू?"

"टॅक्सी?" रुमैसा मेंदीचे हात वर धरून उठलीच. "मी बाबांच्याच गाडीतून जाणार. नाहीतर लग्न राहू द्या!"

अशी दुसरी गाडी अख्ख्या एल वेद शहरात एकाकडेच होती, हाज तिजानींकडे. बहीणभाऊ लमीनच्या स्कूटरवरून त्यांच्या खजुराच्या बागेत पोचले. म्हातारा पायऱ्यांवर चहा ओतत होता.

"माझ्या गाडीचं चाक?" तो गरजला. "आधी माझा पाय काढून न्या!"

"काका, चाकातले दाते तरी बघू द्या," मबरूका म्हणाली. "कुणी सांगावं, तुमचेही झिजले असतील."

"माझे?" हाज तिजानी ताडकन उठले. पाना त्यांनी स्वतःच आणला, चाकही स्वतःच काढलं. प्रत्येक दात्याचा माथा सपाट, कडा अखंड, वर ग्रीसची तुकतुकी. मबरूकाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. तेवढ्यावर म्हातारा विरघळला.

"न्या. पण माझं चाक जाईल तिथे मी जाणार. मागच्या सीटवर!"

घरी माणसं जमू लागली होती. मबरूकाने ब्रशने दात्यांना पातळ ग्रीस फासलं.

"भरपूर लाव की," लमीन म्हणाला.

"म्हणजे उडून ब्रेकवर जाईल आणि आम्ही थेट सासूबाईंच्या चुलीत घुसू. धर चाक!"

चाक दात्यांवर अलगद सरकून बसलं. आस घातली, नट आवळला. मबरूकाने हँडल धरलं, रुमैसा दागिन्यांसकट डब्यात शिरली, हाज तिजानी मागे चढले आणि बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्यांत वरात निघाली.

टेकाडापाशी रात्रीच्या वाऱ्याने रस्त्यावर वाळू आणून टाकली होती. पुढची मोटार जागच्या जागी चाकं फिरवत रुतली. तिच्यामागे लमीनची स्कूटर आडवी झाली. मबरूकाने वेग कमी केला नाही.

"रेस दे! रेस दे!" हाज तिजानी तिच्या खांद्यावर थापा मारत ओरडले.

गाडी घसरली, डुलली. डबा हवेत उचलला गेला, तशी रुमैसा बाहेरच्या बाजूला झुकून खदाखदा हसत सुटली. इंजिनाचा आवाज चढला, तसं चाकही वाळूत रुतत, उसळत चढत राहिलं. एक झटका, आणखी एक, आणि गाडी माथ्यावर! खाली वाळूत अडकलेली सगळी वरात टाळ्या पिटत होती. मबरूकाच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

नवरदेव शौकी दारात आईशेजारी पांढरा बुरनूस, टोपी जोडलेला लांब झगा, सावरत उभा होता. वधू आली, पण बाकी वरातीचा पत्ता नाही.

"बाकीचे कुठं आहेत?" त्याने घाबरून विचारलं.

"वाळू उपसताहेत," रुमैसा म्हणाली. "ते येईपर्यंत डब्यात बस. जागा होते का बघू. ताई, गल्लीला एक फेरी मार!"

शौकीने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. बुरनूस गोळा करून त्याने डब्यात उडी मारली.