कॉलर, बाही आणि स्प्रेची बाटली

मी इस्त्रीच्या टेबलावरची एक जुनी स्प्रेची बाटली आहे. जुनी म्हणजे चांगलीच जुनी, मित्रांनो. अंगावरचे लेबल केव्हाच निघून गेले, खटक्याचा लाल रंग बोट लागून लागून गुलाबी झाला आणि पोटावर इस्त्रीचा एक चटकाही आहे. तो मी मुळीच लपवत नाही. गरम इस्त्रीशेजारी वर्षानुवर्षे उभे राहणे काही येरागबाळ्याचे काम नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो बहिणी साच्यातून एकामागून एक बाहेर पडल्या आणि आमच्या पोटात काचा पुसायचे निळे पाणी भरले गेले. ते संपले की कचऱ्याचा डबा, एवढेच आमच्या नशिबी. पण मला विकत घेणारी बाई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देत असे आणि तिच्या हातून कुठलीच धड वस्तू टाकली जात नसे. निळे पाणी संपल्यावर तिने मला साबणाने तीनदा धुतले, नाकाशी धरून वास घेतला आणि साधे पाणी भरून टेबलावर ठेवले. तो दिवस मी माझा खरा वाढदिवस मानते.

माझ्याआधी बाई वाटीत बोटे बुडवून कपड्यांवर पाणी शिंपडत असे. त्यात एकीकडे कापड चिंब व्हायचे आणि दुसरीकडे कोरडे ठणठणीत राहायचे. मी आले आणि तो घोळ संपला. माझे पाणी इतके बारीक पडे की कापडाला कळायच्या आत सुरकुती नरम व्हायची. डॉक्टरांचे कोट, शाळेचे गणवेश, जाडजूड पडदे, सगळे माझ्या हाताखालून गेले आहे. गिऱ्हाईक कौतुक बाईचे करायचे आणि मान माझी ताठ व्हायची.

मग एके दिवशी घरात वाफेची इस्त्री आली. तिचे पाणी तिच्याच पोटात. माझी रवानगी खिडकीत झाली. पोटात अर्धे पाणी तसेच राहिले, अंगावर धूळ बसली आणि तोंडाशी क्षाराचा पांढरा थर साचू लागला. मला वाईट वाटले का, असे विचाराल तर हो, फार वाटले.

माझे दिवस पालटले ते दोन मांजरांमुळे. बाईच्या नऊ वर्षांच्या लेकीला बेकरीमागे एका खोक्यात दोन पिल्ले सापडली. एक बोका आणि त्याची बहीण. बोक्याच्या काळ्या गळ्याभोवती पांढरा पट्टा होता, म्हणून बाईने त्याचे नाव कॉलर ठेवले. बहिणीचा पुढचा एकच पाय पांढरा होता, ती झाली बाही. दोन महिन्यांत कॉलर चांगला दांडगा झाला. बाही मात्र मूठभरच राहिली.

आणि सुरू झाली कुस्ती. सकाळी टेबलाखाली, दुपारी कपड्यांच्या गाठोड्यांवर. कॉलर बाहीवर झेप घ्यायचा, तिला खाली दाबायचा, मानेला तोंड लावायचा. बाही मागच्या पायांनी त्याच्या पोटावर लाथा झाडायची. बाईला ते पाहवेना. तिने इकडेतिकडे पाहिले आणि खिडकीतून मला उचलले.

मित्रांनो, खरे सांगते, मला भारी वाटले. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला हातात घेतले होते, तेही पोलिसाच्या कामासाठी. दोघे भिडले रे भिडले की बाई खटका ओढायची आणि मी दोघांची तोंडे भिजवायची. एका फवाऱ्यात दंगल खलास. मी तर स्वतःला ठाणेदारच समजू लागले.

पण आठवडा झाला आणि घरात काहीतरी बिनसले. एकाच बशीत तोंड घालून खाणारी ती दोघे दोन कोपऱ्यांत बसू लागली. जवळ आले की पाणी बसते, एवढेच त्यांना समजले होते. एकदा कॉलर बाहीच्या अगदी शेजारून गेला तेव्हा ती त्याच्यावर फिसकारली. बाईने लगेच म्हटले की बघा, यांचे वैरच आहे. बेकरीवाल्याला पिठाच्या कोठारातल्या उंदरांसाठी बोका हवाच होता. रविवारी येऊन त्याने कॉलरला घेऊन जावे, असे बाईने ठरवून टाकले.

लेकीने रडून घर डोक्यावर घेतले. ते नुसते खेळतायत, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तेव्हा बाईने इस्त्री उभी करून ठेवली आणि ती शांतपणे म्हणाली, "माझा मोठा भाऊ मला बडवायचा आणि घरातले सगळे हेच म्हणायचे, मुलं खेळतायत. या घरात मी कुणाला मार खाऊ देणार नाही."

माझा खटका बाई इतका जोरात का ओढते, ते मला त्या दिवशी कळले. तिचा मला राग आला नाही. पण त्या दोघांना दूर करणारे फवारे माझेच होते, म्हणून मला माझीच लाज वाटली.

शनिवारची दुपार होती. बाई चादरींच्या घड्या घालत होती, लेक खाली बसून गणिते सोडवत होती. बाही कोपऱ्यातून निघाली. पोट जमिनीला लावून, पार्श्वभाग हलवत ती कॉलरच्या मागे आली आणि तिने त्याच्या शेपटीवर झडप घातली. दोघे एकमेकांत गुरफटून गडगडत टेबलाच्या पायाशी आले. बाईने मला उचलले आणि खटका ओढला.

काहीच झाले नाही. तिने पुन्हा ओढला, मग तिसऱ्यांदा. माझ्या तोंडातून नुसती हवा निघाली. क्षार साचून भोक बुजले, असे बाई म्हणते. म्हणू दे, मी वाद घालत नाही.

बाई भोक साफ करायला टाचणी शोधू लागली. लेकीने तिचा हात धरला. "आई, दोनच मिनिटं. पाणी मारू नकोस, नुसतं बघ."

आणि बाईने पाहिले. एवढी धुमश्चक्री, पण आवाज कसलाच नव्हता. ना गुरगुरणे, ना किंचाळणे. कान उभे होते, शेपट्या फुगल्या नव्हत्या. आता कॉलर वर होता, पण क्षणभरात तो आपणहून पाठीवर पडला आणि मूठभर बाही त्याच्या छातीवर चढली. मग दोघे थांबली. कॉलरने तिचा कान चाटला आणि तो बाजूला जाऊन बसला. दार उघडे होते. पळायचे तर बाहीला कुणी अडवले नसते. ती दारापर्यंत गेली, वळली आणि पुन्हा धावत येऊन त्याच्याच अंगावर आदळली.

कपडे घेताना बाई आधी प्रत्येक कापडावरून बोटे फिरवते. कुठे फाटले आहे, कुठे उसवले आहे, ते तिच्या बोटांना आधी समजते. तसेच तिने बाहीला मांडीवर घेतले आणि मान, पोट, पंजे, सगळे चाचपले. मग कॉलरलाही घेतले. ओरखडा नाही, कुठे केसांचा पुंजका निघालेला नाही. तिची बोटे थांबली.

"मार खाणारं असं परत येत नाही गं," ती लेकीला म्हणाली. "मी भावाकडे कधी परत गेले नाही."

लेक तिला बिलगून बसली. कॉलरने संधी साधून चादरीच्या घडीवर उडी मारली आणि बाही त्याच्या मागोमाग गेली. बाईने दोघांनाही हाकलले नाही.

रविवारी बेकरीवाला टोपली घेऊन आला. बाईने त्याला चहा दिला आणि सांगितले, "बोका मिळणार नाही. त्याची बहीण त्याला सोडत नाही." बेकरीवाला हसला आणि रिकामी टोपली घेऊन गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी दोन मांजरे भिडली, तर आधी दोन मिनिटे बघा. गुरगुर असेल, कान मागे चिकटले असतील, एकच नेहमी पळत असेल आणि लपून बसत असेल, तर ते भांडण आहे. तेव्हा त्यांना वेगळे जरूर करा, पण मध्ये हात घालू नका आणि पाणीही मारू नका. एखादा चेंडू दुसरीकडे टाका, लक्ष आपोआप वळते. आणि आळीपाळीने वरखाली होत असतील, पुन्हा पुन्हा एकमेकांकडे येत असतील, तर त्यांना खेळू द्या.

बाईने टाचणीने माझे तोंड साफ केले. वाफेच्या इस्त्रीला जाड पडदे जमत नाहीत, म्हणून मी पुन्हा टेबलावर आहे. आजवर हजारो कपडे मी नरम केले आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सगळ्यांत जास्त अभिमान मला त्या शनिवारचा वाटतो, जेव्हा बाईने तीनदा खटका ओढला आणि मी एक थेंबही सांडला नाही.