दोघींच्या गोळ्या

वैजयंतीनं सरकारी आरोग्य उपकेंद्राची खिडकी दाणकन लावली आणि लगेच फटीतून बाहेर डोकावली. आवारात पांढरी गाडी उभी होती आणि गाडीपुढे गावातल्या बायकांची रांग. सरकारनं सोलापूरच्या एका खासगी दवाखान्याशी करार केल्यापासून दर मंगळवारी ही तपासणीची गाडी मोडनिंबजवळच्या या गावात येई. जागा सरकारची, गाडी त्यांची. आणि बायका? त्या इतकी वर्षं वैजयंती सिस्टरच्या होत्या.

गाडीतली नर्स, धम्मप्रिया, काल-परवा शिकून आलेली. बोलणं मात्र साखरेत घोळलेलं. तिला पाहिलं की वैजयंतीचा नुसता जळफळाट होई. गोजरबाई पहिल्यांदा त्या रांगेत दिसल्या, तेव्हा तर तिला राहवलंच नाही. संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन ती टोचून बोलली होती.

"आमच्या बीपीच्या गोळ्या आता कडू लागत्यात व्हय, मावशी?"

गोजरबाई ओशाळल्या होत्या आणि त्यांनी तिच्याकडूनही गोळ्या घेतल्या होत्या. वैजयंतीला बरं वाटलं होतं.

"मॅडम, जरा लवकर या!"

धम्मप्रियाची हाक ऐकून ती धावली. गाडीच्या पायरीशी गोजरबाई भोवळ येऊन बसल्या होत्या, घामाघूम.

"प्रेशर फारच उतरलंय," धम्मप्रिया म्हणाली. "आमच्या डॉक्टरांनी तर रोज एकच गोळी सांगितलीय."

"एक हिची," गोजरबाई पुटपुटल्या, "अन् एक सिस्टरची. दोघीबी जीव लावता की. कुणाचं मन मोडू?"

वैजयंतीनं पटकन वाकून त्यांना आधार दिला. पण खरं सांगायचं तर त्याआधी क्षणभर तिला आनंद झाला होता, की म्हातारी माझीही गोळी घेते. त्या आनंदाची तिला लाज वाटली. दोघींनी मिळून गोजरबाईंना आत निजवलं, गाडीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. दुपारी म्हातारी उठून बसली.

"आता एकीच्याच गोळ्या घ्यायच्या, आजी," धम्मप्रिया म्हणाली आणि घुटमळली. कुणाच्या, ते तिच्यानं सांगवलं नाही.

"हिच्याच घ्या, मावशी," वैजयंती म्हणाली. "माझ्या बंद."

आता म्हातारी रुसेल, नको म्हणेल, मग आपण तिची समजूत काढू, अशी तिची मनातून तयारी झाली होती.

गोजरबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि वैजयंतीच्या उरलेल्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

"बरं झालं बाई, तुमीच म्हनलासा," त्या म्हणाल्या. "मला लई अवघडल्यागत झालं हुतं."