बिनगाठीची जुडी

शेतकरी बाजारात थोरलीला सगळे ‘तोफ’ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? गेटाला लागून पहिली जागा तिची. आत येणारं गिऱ्हाईक आधी तिच्या पालकावरून जायचं, आणि कोणी नुसतीच भाजी चिवडून पुढे सरकलं की तोफ धडाडायची. “अहो बाई, हात तरी पुसून जा! माती कशाला फुकट नेता?”

त्याच ओळीच्या पार शेवटी, कचऱ्याच्या पिंपाशेजारी, तिची धाकटी जाऊ बसायची. वाटणी झाल्यापासून दोघींत अबोला होता. विहिरीजवळची काळी जमीन धाकटीकडे गेली. मुरमाड तांबडी जमीन थोरलीच्या नवऱ्याने आपणहून मागून घेतली. म्हणे, मी थोरला, मी भागवीन! तो मोठेपणा थोरलीच्या घशात अजून अडकलेला होता. नवऱ्याला बोलून उपयोग नव्हता. तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा आणि खिशात हात घालून बाहेर पडायचा. हल्ली तर उजवा हात कायम खिशातच. “आले का साहेब?” ती म्हणायची. “घरात नाही दाणा आणि म्हणे बाजीराव म्हणा!”

तिचे गुडघे गेल्यापासून शेत त्याच्याकडे आणि बाजार तिच्याकडे, अशी कामं वाटलेली होती. तो पहाटे जुड्या बांधून टोपल्या हातगाडीवर घालून आणायचा आणि ती विकायची. शेतात तिने कित्येक महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं.

त्या दिवशी टोपली अर्धीच भरलेली आली.

“एवढीच?”

“एवढीच निघाली,” नवरा म्हणाला आणि हातगाडी लावायला मागे निघून गेला.

थोरलीने मान उंचावून ओळीच्या टोकाला पाहिलं. धाकटीपुढे पालकाचा हा ढीग! तिच्या डोक्यात तिडीक गेली. गुडघ्यांवर हात टेकत ती उठली, तरातरा तिकडे गेली आणि ढिगातली एक जुडी तिने उचलली.

जुडीला गाठच नव्हती. सुतळीचे दोन वेढे, टोकांना पीळ, आणि तो पीळ वेढ्याखाली दाबलेला. एक टोक ओढलं की जुडी मोकळी. ही सासूबाईंची बांधणी. “गाठ सोडताना गिऱ्हाइकाची नखं मोडायची असतात होय गं?” असं म्हणायच्या त्या. थोरलीला ती शेवटपर्यंत जमली नाही. ती आपली दातांत सुतळी धरून करकचून गाठ मारायची. घरात ती जमायची फक्त नवऱ्याला. दीर तर कारखान्यात, शेताकडे ढुंकून बघत नव्हता. आणि धाकटी लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तिला कोण शिकवणार, भिंत?

म्हणजे ही जुडी आपल्या माणसाने बांधलेली. आपली टोपली अर्धी का, हे आता थोरलीला लख्ख कळलं.

“चोरटे!” ती कडाडली. “आमचे हे पहाटे मरमर मरून बांधतात आणि तू त्यातल्या पळवतेस?”

“जाऊबाई, तोंड सांभाळा.”

“तोंड काय सांभाळू? ही बांधणी कोणाची आहे, सांग ना! बोल!”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “इथे नको. घरी या, सगळं सांगते.”

“बघा, बघा! चोराच्या मनात चांदणं! शिट्टीला बोलवा रे कोणीतरी!”

शिट्टी म्हणजे बाजाराचा व्यवस्थापक. गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा आणि ऊठसूट वाजवायचा. बाजाराचा नियम एकच होता, आपल्या शेतात पिकलं तेच विकायचं. दुसऱ्याचा माल सापडला की जागा गेली, कोणाचीही रदबदली चालायची नाही. शिट्टीने थोरलीच्या टोपलीतली एक जुडी मागवली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि मान हलवली.

“एकाच हाताच्या आहेत खऱ्या. चोरी ठरली तर हिची जागा जाईल, ताई. कायमची.”

“जाऊ दे! तेच हवंय मला.”

“पण माझी खात्री व्हायला हवी. दादांना बोलवा. माझ्यासमोर एक जुडी बांधू देत.”

“भाऊजींना कशाला मध्ये आणता?” धाकटी एकदम म्हणाली.

“का गं? आता का पाय लटपटायला लागले?” थोरलीला भलताच चेव आला होता. तिने स्वतःच हाक मारून नवऱ्याला बोलावलं. भाजीच्या पिशव्या घेऊन माणसं भोवती जमली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

नवरा आला. प्रकरण ऐकताना तो एकदा धाकटीकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. शिट्टीने पालकाची मूठ आणि सुतळीचा तुकडा पुढे केला.

“बांधा की!” थोरली म्हणाली. “बघू देत सगळ्यांना.”

त्याने हात खिशातून बाहेर काढला. बोटं आपली आपणच थरथरत होती. सुतळी खाली पडली. त्याने वाकून ती उचलली, एक वेढा कसाबसा घेतला, आणि या वेळी पालकच सुटून धुळीत सांडला.

“काका, सकाळीच लावलीत वाटतं!” गर्दीतून कोणीतरी म्हणालं आणि दोन-चार जण फिदीफिदी हसले.

थोरली त्या माणसाकडे वळली. पण तिची नजर पुन्हा नवऱ्याच्या हातावरच गेली.

धाकटीने थोरल्या दिराच्या हातातली सुतळी ओढून घेतली. पालक गोळा केला, दोन वेढे, पीळ, आणि जुडी शिट्टीच्या छातीवर आदळली.

“त्यांच्या जुड्या मी बांधते. हात चालत नाही त्यांचा, दिसतंय ना? भाजी त्यांची, बांधणी माझी. बांधून देऊ नये असा नियम आहे का तुमचा? नाही ना? मग हटवा ही गर्दी.”

“तुला... तुला कोणी शिकवली?” थोरलीने विचारलं.

“सासूबाईंनी. पडल्या पडल्या. त्यांचं अंग पुसायला मी होते, जाऊबाई. तुम्ही बाजारात होतात.”

थोरलीची नजर शिट्टीच्या हातातल्या, तिच्या टोपलीतून आलेल्या जुडीवर गेली. मुळांना माती चिकटलेली होती. काळीभोर. तांबडीचा कणसुद्धा नाही. महिनोन् महिने ती हीच भाजी ‘माझ्या शेतातली’ म्हणून ओरडून विकत होती आणि मुळांकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्या हाताने हा माणूस वाफे कुठले करणार होता? धाकटीला जेवढं देता आलं, तेवढी टोपली भरत होती.

तिने ती जुडी शिट्टीच्या हातून हिसकावली आणि पदराखाली घेतली.

“तक्रार नाही माझी.”

“अहो, आत्ता तर तुम्ही—”

“नाही म्हटलं ना! कान गेलेत का तुमचे?”

शिट्टी पुटपुटत निघून गेला आणि गर्दी पांगली. थोरली गेटाजवळ गेली, आपली टोपली फरफटत ओळीच्या टोकापर्यंत आणली आणि सगळा पालक धाकटीच्या ढिगावर ओतला.

“तुझं तू विक. आणि गेटाजवळ जाऊन बस, मी उठले तिथून.”

“मी मागितली नव्हती जागा. उपकार नकोत तुमचे.”

“मला तुझे पचले का? मग तूही पचव. फिटंफाट. तुझं तोंड बघायची हौस मला आजही नाही.”

“मला तरी कुठे आहे?” धाकटी जुड्या रचता रचता म्हणाली. “डॉक्टरकडे न्या त्यांना. मी सांगून दमले. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाले. तोफेला घाबरतात.”

लाजेने थोरलीचे कान तापले होते. ती बाजाराच्या मागच्या बाजूला आली. नवरा हातगाडीला टेकून उभा होता. उजवा हात पुन्हा खिशात. ‘चला साहेब’ हे सवयीने तिच्या ओठावर आलं होतं, ते तिने गिळलं. रिकामी टोपली हातगाडीवर टाकली आणि दांडी स्वतः धरली.

“हात बाहेर काढा तो,” ती खेकसली. “सगळ्या बाजाराने बघितला. मीच तेवढी राहिले होते.”