उघड्या तोंडाचा चार

मित्रांनो, मी एक जुना चार आहे. होय, आकडाच. मराठीतला ४. ज्या वहीत राहतो तिचा पुठ्ठा आता सुटला आहे, पण माझी पेन्सिल अजून ठळक आहे. सांगायचं ते ठळकच सांगतो.

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कार्यालयात, २०१५ साली, मी जन्मलो. मला लिहिणारी प्रेमला. देशोदेशींच्या कारखान्यांतून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ते मांडणं हे तिचं काम. त्या महिन्यात तिच्याकडे पश्चिम आफ्रिकेतला एक चिमुकला देश आला होता. तिथे सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. भाजताना हा वायू सुटतो. किती? हजार टनांत बघा :

२०११ : ३८५
२०१२ : ३९६
२०१३ : ४०७
२०१४ :

ती रिकामी जागा माझी होती.

आधीचे तीन आकडे छापील अहवालातून थेट संगणकात गेले होते. २०१४ त्यात आलेलं नव्हतं, म्हणून प्रेमलाने फोन लावला. सिंगापुरात दुपारचे चार, त्या देशात सकाळचे आठ. तिने वहीत वर टिपलं : 'दुपारी ४, तिथे ८.' पलीकडून पर्यावरण खात्यातले वयस्कर अधिकारी सावकाश म्हणाले, "फोर. टू. झीरो. लेखी पत्र दोन आठवड्यांनी पाठवतो."

आणि मी आलो. ४२०.

हसू नका! चारशेवीस म्हटलं की लोक खिसा चाचपतात, पण मी सरळ आकडा होतो.

प्रेमला शिकली परभणीजवळच्या मराठी शाळेत. तिथल्या नंदाबाई पाटीवर चार गिरवून घेताना म्हणायच्या, "चारचं तोंड मिटू नको गं. त्याला बोलायचं असतं." प्रेमला कधीच मिटत नसे. पण त्या दिवशी फोनवर खरखर आली, तिने फोन कानाशी दाबला आणि पेन्सिल उचलायची राहिली. माझी वरची दोन टोकं एकमेकांना भिडली.

माझं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमला तापाने यिशुन भागातल्या आपल्या घरी पडून राहिली. वही सारंगकडे गेली. सारंग पुण्याचा, मराठी फर्डी, आकडे मात्र इंग्रजी शाळेतले. मराठी दोन आणि शून्य इंग्रजीसारखेच दिसतात. त्याने टाइप केलं : 820.

आलेखाची रेषा शिडी लावल्यासारखी वर गेली.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी बैठक. प्रेमला परत आली होती.

"दुप्पट! एका वर्षात!" विभागप्रमुख निशिकांत यांनी टेबलावर थाप मारली. "अहवालाचं पहिलं वाक्य हेच. उद्या पाठवायचाय."

"पण सर, तिथे नवी भट्टीच सुरू झालेली नाही."

"मग जुनी जोरात पेटवली असेल. तुमच्याच वहीत आहे ना?"

प्रेमलाने वही उघडली. मी सांगायला गेलो, की मी

म्

म्

नाहीच. मिटलेल्या तोंडातून काय निघणार?

सारंग वाकून म्हणाला, "आठच आहे, प्रेमलाताई. स्वच्छ."

तिचा चेहरा उतरला. नोकरीला जेमतेम दोन महिने झाले होते. गप्प बसली तर धूर दुप्पट करणारा म्हणून तो देश जगापुढे जाणार, आणि खाली माहिती देणाऱ्या त्या सज्जन गृहस्थांचं नाव. बोलली तर सगळ्यांसमोर स्वतःचंच अक्षर चुकलेलं. आणि तिला तरी खात्री कुठे होती? मला बघून तीच गोंधळली होती.

तिचं बोट पानावर वर सरकलं. 'दुपारी ४, तिथे ८.' तिथे थांबलं.

"सारंग, हा कोण?"

"आठ. मराठी."

"आणि खालचा?"

"आठ. इंग्..." तो अडखळला.

"एकाच पानावर मी दोन तऱ्हेचे आठ कशाला काढीन? माझा आठ हा असा, पाठीला बाक असलेला. खालचा चार आहे." ती उठून उभी राहिली. "सर, चूक माझी आहे. मी त्याचं तोंड मिटवलं."

"अरे देवा," सारंग म्हणाला, "म्हणजे हा खरंच चारसोबीस निघाला!"

"तो नाही रे. आपण दोघं."

निशिकांत कपाळ चोळत म्हणाले, "माझं पहिलं वाक्य गेलं. पण नुसत्या बाकावर मी विश्वास ठेवणार नाही."

"फोन लावते. चार वाजलेतच."

स्पीकरवर तोच सावकाश आवाज आला. "फोर. टू. झीरो." मग जरा थांबून, "मॅडम, गेल्या आठवड्यातही फोरच होता."

सगळी बैठक हसली. प्रेमलाही.

रेषा खाली आली. चढतच होती, पण तिच्या खऱ्या चालीने. शुक्रवारी अहवाल गेला. पहिलं वाक्य होतं : 'वाढ आहे, सावकाश आहे.'

"यापुढे इंग्रजी आकडे लिहा बुवा," निशिकांत म्हणाले.

"नाही सर. चार नीट लिहीन."

जागेवर येऊन तिने खोडरबराचा कोपरा माझ्या डोक्यावर फिरवला, टोकं वेगळी केली आणि शेजारी तारीख घालून सही केली. केवढी हवा आत आली म्हणून सांगू!

नंतर वही यिशुनच्या घरी गेली. आता आमच्यावर वाणसामानाच्या याद्या आणि छत्र्या पडलेल्या असतात. चार वर्षांत मला कुणी वाचलेलं नाही. चालायचंच. माझा देश जिथे असायला हवा तिथे आहे.

तेवढं एक करा, मित्रांनो. आकडा काढताना पेन्सिल वेळेवर उचला. त्याच्या टोकाशी कुणाचा तरी अख्खा देश असतो. आणि आपलीच चूक दिसली, की नंदाबाईंनी आम्हा चारांना लावलेली सवय स्वतःलाही लावून घ्या. मिटू नका.