मागच्या कोपऱ्यातली भेग

आलापल्लीच्या आरामशीनमागे, सागाच्या भुशाच्या ढिगाशेजारी गुणवंतराव ठेकेदारांचं चालतं घर उभं होतं. बसच्या सांगाड्यावर फायबरचं पांढरं अंग; आत पलंग, शेगडी, संडाससुद्धा. जंगलातल्या रस्त्यांनी त्या अंगाला भेगा पाडल्या होत्या. नागपूरला फायबरच्या टाक्या करायला शिकून आलेला श्रावण त्या भरत होता. लोकांनी आपल्याला 'फायबर मिस्त्री' म्हणावं, एवढीच त्याची आस. आजवर गावाने त्याला वस्तीवरूनच ओळखलं होतं.

काम तसं घाणीचंच. घासताना उडालेली फायबरची बारीक काच घामात रुतायची, मान खाजून लाल व्हायची. रेझीनचा वास भातात जाऊन बसायचा. पण त्याची श्रावणला शिसारी नव्हती. ती आपल्या कामाची घाण, आंघोळीने जाणारी.

दारावरची भेग झाली, खिडकीखालची झाली. मागच्या कोपऱ्यातल्या भेगेसाठी त्याने मगात रेझीन घेतलं, हार्डनर टाकून ढवळलं आणि शेवटचं पुसावं म्हणून फडकं फिरवलं. फडकं ओलं आलं. पिवळं. वासाने तो दोन पावलं मागे सरला. आत संडासाची टाकी फुटली होती, आणि ती कित्येक दिवसांत कुणी रिकामी केलीच नव्हती. भेगेच्या कडेला अळ्या वळवळत होत्या, शिजल्या भाताच्या शितांसारख्या.

श्रावण थुंकला आणि गुणवंतरावांकडे गेला. टाकी उपसून, धुऊन, वाळल्याशिवाय फायबर चिकटणार नाही, असं त्याने सांगितलं. खाटेवर पान चघळत बसलेल्या गुणवंतरावांनी ड्रायव्हर पोचूकडे पाहिलं. आपल्याला ओकारी होते, म्हणून पोचू मोकळा झाला. सुतार लटारूने तर आधीच नाकाला दुपट्टा लावला होता. मग सगळ्यांच्या नजरा, पाणी उताराला लागावं तशा, श्रावणवर येऊन थांबल्या.

"तूच कर ना बे," गुणवंतराव मायेने म्हणाले. "आमाले चिळस येते. तुमाले काय, तुमाले नाई येत."

त्यात राग नव्हता, शिवी नव्हती. मोहाची फुलं पहाटे गळतात म्हणावं, तितकं सहज बोलणं. एवढं करून दिलंस तर अहेरी-चामोर्शीच्या सगळ्या ठेकेदारांना तुझंच नाव सांगीन, असंही ते म्हणाले.

मगातलं रेझीन तापून धुरायला लागलं होतं. हार्डनर पडलं की ते घट्ट व्हायचं कुणासाठी थांबत नाही. श्रावणने बकेट उचलली.

त्याची माय अंजनाबाई डबा घेऊन भुशाच्या ढिगापाशी आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. नागपुरात धम्मदीक्षा घेऊन आल्यावर तिच्या सासऱ्याने मेलेली ढोरं ओढायचा दोर चुलीत घातला होता. जळत्या दोराची ती दुर्गंधी तिला अजून आठवायची. आयुष्यात तिला आवडलेला तेवढाच एक घाण वास.

"श्रावण," ती म्हणाली, "तुले चिळस येते का?"

तो बकेट घेऊन मागच्या कोपऱ्याकडे वळला.

"मी पुसून राह्यली तुले."

"येते, माय. लय येते."

"मंग मले काऊन सांगतं? त्याइले सांग."

श्रावणने बकेट खाली ठेवली. आवाज मोठा झाला नाही. "गुणवंतभाऊ, मलेबी चिळस येते. घाण तुमची हाय, तुमी काढा. भेग मी भरून देतो."

गुणवंतरावांनी पान थुंकलं. पोचूला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. लय शहाणा झाला, एवढंच पुटपुटून गुणवंतरावांनी गाडी काढायला लावली. चालतं घर अहेरीच्या रस्त्याला लागलं. मागच्या कोपऱ्यातून पिवळी धार धुळीत सांडत गेली, आणि दोन कुत्री ती हुंगत मागे.

आता अहेरीत आपलं नाव जाईल ते कसं, हे श्रावणला ठाऊक होतं. त्याने साबणाने हात धुतले, राखेने घासले, पुन्हा धुतले. डब्यातल्या भाताचं पहिलं शित दिसताच तो झाडाआड जाऊन ओकला.

अंजनाबाईने पाठीवरून हात फिरवला. जेव म्हणाली नाही. तिने त्याला ओकू दिलं, लेकराला रडून मोकळं होऊ द्यावं तसं.