खोटा तोल

माझ्या नवऱ्याला आंघोळ करताना डोळे मिटता येत नाहीत. साबण गेला तरी तो उघडेच ठेवतो, कारण मिटले की भिंतीवर आदळतो. हे फक्त मला ठाऊक आहे. बाहेर तो बॉक्सर आहे, आणि शनिवारी त्याची लढत आहे.

"सोडून दे," म्हणून मी कितीदा कानीकपाळी ओरडले. तो म्हणतो, "मी सोडलं तर दादा माझं तोंड बघणार नाही. डॉक्टरांनी थांबवलं तर गोष्ट वेगळी." दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, एके काळचा बॉक्सर आणि आता ह्याचा कोच. वडील गेल्यावर त्यांनीच ह्याला वाढवलं, त्यामुळे त्यांच्यापुढे हा घोडा अजून शाळेतच आहे. म्हणून मी लढतीआधीच्या तपासणीकडे डोळे लावून बसले होते. डॉक्टरांनी नुसतं 'नाही' म्हणावं, बाकी मला काही नको होतं.

तपासणी साधी असते. फोमच्या गादीवर एका पायावर उभं राहायचं, हात कमरेवर, डोळे बंद. डोक्याला मार बसत राहिला की तोल बिघडतो, म्हणून दर वेळी पहिल्या तपासणीशी ताडून बघतात.

मी बाकावर बसले. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. नवऱ्यानं गादीवर चढून डोळे मिटले आणि लगेच डोलायला लागला. पाय टेकला, उचलला, परत टेकला. शेवटी डॉक्टरांनीच त्याला धरलं. बायको म्हणून मला रडू यायला हवं होतं, पण मला हायसं वाटलं. सुटलो एकदाचे.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर नजर टाकली. "पहिल्या वेळी होतास तसाच आहेस. काही फरक नाही. फिट."

नवऱ्याचा चेहरा पडला. दादा गालातल्या गालात हसले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या तपासणीत तो मुद्दाम डोलला होता. पुढेमागे खरंच तोल गेला तर फरक दिसू नये म्हणून. हे शहाणपण दादांचंच असणार.

"डॉक्टर, तेव्हा त्यानं नाटक केलं होतं," मी म्हणाले. "आत्ताचं खरं आहे."

"नाटक आत्ता चाललंय," दादा म्हणाले. "हिनं पढवून आणलंय त्याला."

डॉक्टर नवऱ्याकडे वळले. "तूच सांग. तोल जातो तुझा? हो म्हणालास तर मी आत्ता थांबवतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे. मला वाटलं, म्हणेल. एवढा एक शब्द तर म्हणेल.

"नाही," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "मग दादा, तुम्ही चढा गादीवर. शिकवलंत ना तुम्ही? सरळ उभं कसं राहतात ते तरी दाखवा."

"मला कशाला मध्ये ओढतेस?" दादा म्हणाले, पण चौकट सोडली नाही. त्यांची बोटं लाकडावर पांढरी पडली होती. मी आठवून पाहिलं. खोलीच्या मधोमध उभे असलेले दादा मी कधी बघितलेच नव्हते. आमच्या लग्नातही ते खांबापाशीच होते. माझा राग तिथल्या तिथे विरला आणि त्याच्या जागी भीती आली.

परत निघालो तेव्हा मी पुढे झाले. जिन्याला कठडा एकाच बाजूला होता. दोघं भाऊ तो धरून मागेपुढे उतरत होते. खालून एक सफाईवाली बाई बादली घेऊन त्याच बाजूनं वर आली आणि वाट मिळेल म्हणून थांबली.

"हो ना बाजूला," दादा धाकट्याला म्हणाले.

"तू हो, दादा."

बाई बादली घेऊन उभीच होती. कठड्यावरचा हात दोघांनीही सोडला नाही.