पिवळी रेघ

चाकाच्या नटावरची पिवळी रेघ खिशातल्या किल्ल्यांना घासूनही पुसली गेली नव्हती, आणि आतले आटे… आटे तर अगदी नव्यासारखे. बोट फिरवलं तर एक कंगोरासुद्धा तुटलेला लागत नव्हता. हेच तर वाईट होतं. आटे उडाले असते, नट चिरला असता, तर दयानंदने तो तीन आठवड्यांपूर्वीच कोईमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर सगळ्यांसमोर धरला असता – हे बघा, पोरीने वळणावर चाक कडेला आदळलं, नट फुटला, माझ्या हाताचा दोष नाही. पण नट शाबूत होता, म्हणजे तो आदळून फुटलेला नव्हता, सैल राहिला होता आणि फिरत फिरत निघाला होता. खडीत तो त्यालाच सापडला. त्याने खाली वाकून बुटाची नाडी बांधली आणि नट खिशात टाकला. कुणी पाहिलं नाही.

आज गाडीतून त्या पोरीची, कस्तुरीची, सीट काढून तिला परत द्यायची होती. कन्नड पाट्यांच्या त्या शिवाजीनगरातल्या गॅरेजात सकाळी दहालाच बसच्या भोंग्यांनी डोकं उठतं, पण गाडीच्या अरुंद पोटात खांद्यापर्यंत हात घातला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि तेवढ्यासाठीच तो हे काम उगीच लांबवत राहिला. या उघड्या चाकांच्या शर्यतीच्या गाड्यांत सीट विकत आणून बसवत नाहीत. चालवणाऱ्याला गाडीत बसवायचं, पाठीमागच्या पिशवीत रसायनाचा फेस ओतायचा, आणि तो फुगून त्याच्या अंगाभोवती घट्ट होईपर्यंत त्याने हलायचं नाही. जूनमध्ये, राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेचा हंगाम सुरू होण्याआधी, कस्तुरी अशी वीस मिनिटं बसली होती आणि दयानंद तिचे खांदे धरून उभा होता. फेस तापतो. “अण्णा, पाठ भाजतीया की,” ती हसत म्हणाली होती, तरी हलली नव्हती. सतरा वर्षांची पोर… सीट बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीचा खोलगट ठसा वर आला, उजवा खांदा डाव्याहून जरा खाली. त्याने जुनी चादर घेऊन ती झाकून टाकली.

स्पर्धेच्या पाच फेऱ्या, म्हणजे पाच शर्यती, झाल्या होत्या. कोईमतूरच्या शेवटच्या फेरीला ती नऊ गुणांनी पुढे होती. सगळ्या देशात पहिली, आणि तिच्या गाडीचा मेकॅनिक मी, निपाणीचा दयानंद. छाती फुगलीच होती माझी, खोटं कशाला बोलू? नियम साधा आहे: चाकाला एकच नट; तो आवळायचा, पुरता आवळला की पाना ‘कट्’ वाजतो ते ऐकायचं, मग नटावर पिवळी रेघ ओढायची. रेघ म्हणजे झालं, आता बघायला नको. बारा वर्षांत क्रम कधी चुकला नाही. त्या दिवशी उजव्या चाकाची रेघ ओढून झाली होती, मार्कर उघडाच होता, आणि डाव्या पुढच्या चाकाचा नट हाताने फिरवून बसवल्यावर आधी रेघच ओढली – आवळू की आता, पाना पायाशीच आहे – तेवढ्यात मालक नागराज यांनी फोटोला बोलावलं. फोटो! आणि मी केस सारखे करून गेलो. परत आलो तर चारही नटांवर रेघा. स्वतःच्याच हाताची रेघ, तिच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? गाडीत बसण्याआधी कस्तुरीने नेहमीसारखं विचारलं, “आय्ता, अण्णा?” – झालं का? मी म्हणालो, “आय्तु.” झालं. सातव्या चकरीला चाक एकीकडे आणि ती दुसरीकडे गेली.

टायरांच्या भिंतीने तिला वाचवलं. मनगट तेवढं सुजलं. नागराज तिला सगळ्यांसमोर आधी इंग्रजीत बोलले आणि मग कन्नडमध्ये, म्हणजे कुणाचं ऐकायचं राहायला नको. उतावळी आहे, कडेवर चढवते, हिच्या हाती पुन्हा गाडी देणार नाही. ती हेल्मेट काढून सरळ दयानंदकडे आली होती. सॉरी अण्णा, तुमची गाडी मोडली मी, म्हणाली. आणि तो म्हणाला, असू दे. म्हणजे मी तिला माफ केलं. मी!

राजाजीनगरला कस्तुरीच्या घरी जाताना रिक्षात सीट त्याच्या शेजारी चादर पांघरून बसली होती. “स्वल्प सरका,” म्हणत रिक्षावाल्याने ती आत ढकलली तेव्हा दयानंदचा हात आपोआप तिच्यासमोर आडवा गेला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. दारात ठेवायची आणि निघायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण कस्तुरीच्या आईने, वासंतीबाईंनी, आत बसवलं, चहा दिला, आणि त्याच्यापुढे हात जोडले. “तुम्ही गाडी नीट बांधलासा म्हणून पोर हाती लागली, अण्णा.” चहा गरम होता. तो त्याने तसाच घशाखाली ओतला.

कस्तुरीने सीट फरशीवर ठेवली आणि तिच्यात बसली, पाय लांब करून, हात हवेतल्या स्टिअरिंगवर. तीन आठवडे ती गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत होती म्हणे, रोज. आणि आता चूक सापडली होती. इथे, असं, हात जरा लवकर वळलाय. चार बोटं असेल. दिसत नाही, पण असणारच.

“दिसत नाही तर कशावरून?” त्याने विचारलं.

“तुम्ही आय्तु म्हणाला होता की,” ती म्हणाली. “म्हणजे गाडी बरोबर होती. मग राहिलं कोण? मीच.” जरा थांबून ती म्हणाली, “आता गाडी चालवणं सोडते अण्णा. आपल्याच हाताचा भरवसा वाटत नाही.”

आपण कधी उठलो ते त्याला कळलं नाही. तो तिच्या डाव्या बाजूला, पायांजवळ, उकिडवा बसला होता. गाडी असती तर पुढचं चाक तिथे आलं असतं. तिने ते ओळखलं आणि हसली. जुन्या सवयीने मान वळवून म्हणाली, “आय्ता, अण्णा?”

‘आय्तु’ जिभेवर आलंच होतं, बारा वर्षं गाडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी येत होतं तसं, आणि त्याने ते दातांखाली धरलं. खिशातला नट मुठीत होता. तिला कळेल म्हणून इतके दिवस तो भीत होता. आता ती पुढे काही न विचारताच उठून जाईल, अशी धास्ती त्याला वाटू लागली. ती अजून वाट पाहत होती. हसू ओसरलं होतं… गुडघे दुखायला लागले तरी त्याला तिथून हलावंसं वाटेना.